साठेखत की खरेदीखत?

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकच ओळ असायची: रेमडेसिव्हिर, ६ व्हायल. पहिल्या दिवशी दोन, मग चार दिवस रोज एक. ती चिठ्ठी खिशात घालून माणसं औषधांच्या दुकानांपुढे रात्र काढत होती, ओळखीतल्या ओळखीतून आमदाराच्या पीएपर्यंत पोहोचत होती, दागिने मोडून काळ्या बाजारात पैसे मोजत होती. शेवटी वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावं लागलं. माझ्या मावसभावासाठी मीही दोन दिवस असाच फोन फिरवत बसलो होतो. सहापैकी चार मिळाल्या तेव्हा लॉटरी लागल्यासारखं वाटलं.

लाज वाटावी अशी गोष्ट ही, की त्या काळात मी एका मराठी दैनिकात आरोग्याचं पान सांभाळत होतो. म्हणजे रेमडेसिव्हिरवरचं मूळ संशोधन माझ्या टेबलावरून गेलेलं होतं. अमेरिकेत सरकारी पैशातून झालेल्या मोठ्या चाचणीत १,०६२ रुग्ण होते. औषध मिळालेले साधारण १० दिवसांत सावरले, न मिळालेले १५ दिवसांत. मृत्यू थोडे कमी दिसले, पण तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीचे आकडे आले. औषध मिळालेल्या २,७४३ जणांपैकी ३०१ दगावले, न मिळालेल्या २,७०८ जणांपैकी ३०३. या चाचणीत भारतातली रुग्णालयंही होती. २० नोव्हेंबर २०२० रोजी संघटनेने दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये असा सल्लाही दिला. आपल्याकडच्या रांगा त्यानंतर पाच महिन्यांनी लागल्या.

रेमडेसिव्हिर अगदीच पाणी होतं असं मी म्हणत नाही. सॉलिडॅरिटीच्या २०२२ मधल्या अंतिम आकड्यांत व्हेंटिलेटरवर न गेलेल्या रुग्णांना त्याचा थोडा फायदा दिसला. पण ‘जीव वाचवणारं इंजेक्शन’ हे शब्द या चाचण्यांच्या संशोधकांनी लिहिलेले नव्हते. ते आम्ही लिहिले. ‘दवाखान्यातले दिवस कमी करणारं औषध’ याचं भाषांतर आमच्या पानांवर ‘संजीवनी’ असं झालं.

खरोखर जीव वाचवणारं औषध तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात काही रुपयांना मिळत होतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण त्याने ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणलं. त्याच लेखात पुढे लिहिलं होतं, की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना हे दिल्याने फायदा दिसला नाही. अशा रुग्णांत औषध घेतलेल्यांचे मृत्यू १७.८ टक्के होते आणि न घेतलेल्यांचे १४ टक्के. ही पुढची ओळ कुणी वाचली? ताप आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरोघरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. मग म्युकरमायकोसिसची लाट आली, तेव्हा मधुमेहाबरोबर स्टेरॉइडच्या अतिवापराकडेही बोट दाखवलं गेलं.

माझे आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. पण जमिनीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, की ते मजकुराच्या आधी कागद कुठला आहे ते बघत. सातबारा वेगळा, आठ-अ वेगळा. इसारपावती म्हणजे बोलणी झाली एवढंच. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. जमीन अजून विकणाऱ्याचीच. खरेदीखत नोंदवलं, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नाव चढलं, मग पेढे. कुणी साठेखत नाचवत ‘जमीन माझी’ म्हणाला असता, तर आजोबांनी त्याला ओसरीवरूनच परत पाठवला असता. खेड्यापाड्यातल्या लाखो माणसांना हे ज्ञान आहे, कारण चुकलं तर रान जातं.

वैद्यकीय संशोधनाच्या बाबतीत मात्र आपण सगळ्या कागदांना एकच शब्द वापरतो. ‘पेपर’. संपादकाला पाच ओळींचं पत्र लिहिलं तरी पेपर आणि दीड लाख बायकांवर वीस वर्षं चाललेली चाचणी छापली तरी पेपर. कुणाच्या एका रुग्णाची हकीकत, उंदरांवरचा प्रयोग, तज्ज्ञाचं मत, कुणीही न तपासता इंटरनेटवर टाकलेला मसुदा, सगळं एका पोत्यात भरायचं आणि पोत्यावर लिहायचं ‘संशोधनात सिद्ध’. माझं म्हणणं एवढंच आहे, की या सवयीची किंमत आपण पैशात आणि माणसांत मोजली आहे. आणि ही सवय मोडायची जबाबदारी वाचकांपेक्षा आधी वर्तमानपत्रांची आणि सरकारांची आहे.

पाच ओळींच्या पत्राचा उल्लेख मी उगाच केला नाही. जानेवारी १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोघा संशोधकांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यांत व्यसन लागल्याची नीट नोंद केवळ चौघांची सापडली, असं ते पत्र. ना पद्धतीचं वर्णन, ना रुग्ण घरी गेल्यावर काय झालं याची चौकशी. पत्र म्हणून त्यात काही वावगं नव्हतं. एक निरीक्षण कळवलं होतं. पण पुढची जवळपास चाळीस वर्षं ते पत्र ‘व्यसन लागत नाही’ याचा पुरावा म्हणून फिरत राहिलं. महिनोन् महिने घरी घ्यायच्या गोळ्यांसाठीसुद्धा. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात कुणीतरी शांतपणे बसून मोजलं: त्या पत्राचा ६०८ वेळा हवाला दिला गेला होता, त्यातल्या ७२ टक्के ठिकाणी व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून. आणि हे रुग्ण दवाखान्यात दाखल होते, ही साधी गोष्ट पाचातल्या चार जणांनी सांगितलीच नव्हती. अमेरिकेत या गोळ्यांनी जो अनर्थ केला, त्याच्या मुळाशी एकटं हे पत्र नव्हतं. पण इसारपावतीवर लोकांनी गावच्या गाव विकलं, ते असं.

मग पत्रं बंद करावीत का? मुळीच नाही. डिसेंबर १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरने लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाला असंच छोटं पत्र लिहिलं. गरोदरपणात थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या बायकांच्या बाळांत हातापायांची व्यंगं दिसत आहेत, आणखी कुणाला असं दिसलं आहे का, एवढी विचारणा. ती विचारणा खरी ठरली. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या अवघ्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद अमेरिकी सरकारच्या साप्ताहिक अहवालात आली. एड्सची वैद्यकीय साहित्यातली पहिली खूण ती. पत्र किंवा केस रिपोर्ट, म्हणजे एखाद्या रुग्णाची छापलेली हकीकत, म्हणजे गावात वाजलेला डंका आहे. आग लागली असेल, नसेल. डंका ऐकून बाहेर यावं, खात्री करावी. डंका म्हणजे पंचनामा, असं समजलं की घोळ होतो.

आपल्याकडे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण महाडचं आहे. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं, सर्रास मरत होती. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिम्मतराव बावसकर रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी करत. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. १९८२ मध्ये या पूर्वलक्षणांबद्दलचं त्यांचं लिखाण लॅन्सेटमध्ये आलं. विषामुळे शरीरात उसळणारं संप्रेरकांचं वादळ रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून रक्तवाहिन्या सैल करणारं प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी वापरून पाहिलं आणि मृत्यू झपाट्याने उतरले. इथवरचं सगळं निरीक्षण. तुलनेसाठी दुसरा गट नाही.

कुणी म्हणेल, माणसं वाचली, आता दुसरा गट कशाला? तो का लागतो हे कोकणातल्या माणसाला इंग्रजी पुस्तकावाचून कळेल. विंचू उतरवणारा मांत्रिक प्रत्येक पंचक्रोशीत होता, आणि त्याचा गुण येई. का येई? कारण मोठ्या काळ्या विंचवाच्या डंखाने माणूस तळमळतो, पण सहसा मरत नाही. दहा जणांवर मंत्र टाकला तर दहाही सकाळी चालत घरी जाणार. मांत्रिकाने नोंदवही ठेवली असती, तर त्याची ‘केस सिरीज’ शंभर टक्के यशाची निघाली असती. मंत्र न टाकलेलेही तितकेच बरे होतात, हे कळायला दुसरी वही लागते. ती वही म्हणजे तुलनेचा गट, आणि कोण कुठल्या वहीत जाणार हे डॉक्टरने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवणं म्हणजे रँडमाइज्ड ट्रायल. बाकी सगळी तांत्रिक भाषा हिच्या भोवतीची सजावट.

बावसकरांना हे पक्कं ठाऊक होतं. विंचवाच्या विषावरची प्रतिलस आल्यावर त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावसकरांनी महाडमध्येच तशी चाचणी केली, ती २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. एकूण ७० रुग्ण. ३५ जणांना नुसतं प्रॅझोसिन, ३५ जणांना प्रॅझोसिन आणि प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. लहान चाचणी, आणि कुणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं, ही तिची मर्यादा. ती त्यांनी लपवली नाही, शीर्षकातच सांगितली. एकाच माणसाच्या आयुष्यात आधीचं लिखाण आणि नंतरची चाचणी अशी दोन वेगळ्या वजनांची लेखनं आहेत, आणि कुठल्याचा कशासाठी आधार घ्यायचा हे त्याला स्वतःला माहीत आहे. पद्मश्री २०२२ मध्ये मिळाली, ते ठीकच. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ही शिस्त.

आता मांत्रिकाची वही डोक्यात ठेवून प्लाझ्मा आठवा. ‘प्लाझ्मा हवा आहे, ओ पॉझिटिव्ह, अर्जंट’ हे संदेश आपण प्रत्येकाने पुढे पाठवले आहेत. जून २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने ‘प्लॅटिना’ ही प्लाझ्मा चाचणी जगातली सर्वांत मोठी म्हणून वाजतगाजत जाहीर केली. डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगत, आम्ही दिला आणि पेशंट उठून बसला. खोटं नव्हतं ते. पण आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेली ‘प्लासिड’ चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आली. आजार गंभीर झाला किंवा मृत्यू आला, असे रुग्ण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के होते आणि न मिळालेल्यांत १८ टक्के. म्हणजे शंभरातले ऐंशीहून जास्त जण प्लाझ्मा न घेताही उठून बसत होते. काळा विंचू. तरीही प्लाझ्मा देशाच्या अधिकृत उपचारपद्धतीतून निघायला १७ मे २०२१ उजाडला. मधल्या सात महिन्यांत, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, किती दात्यांच्या दारात किती बाप उभे राहिले असतील याची मोजदाद कुणी केली नाही. आमच्या पानाने तर ‘प्लाझ्मायोद्ध्यां’चे फोटो छापले. प्लासिडची बातमी आतल्या पानावर, एक स्तंभ.

निरीक्षणाचा मोठा आकडाही फसवतो, हे एकदा सांगून पुढे जातो. पाळी गेल्यानंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं हजारो स्त्रियांच्या वर्षानुवर्षांच्या पाहणीतून दिसत होतं. २००२ मध्ये अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला, आणि हृदयविकारही कमी होण्याऐवजी उलट थोडा वाढलेला होता. गोळ्या परवडणाऱ्या बायका मुळातच सुखवस्तू, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या होत्या. गुण गोळीचा नव्हता, घराचा होता.

गोव्याचं काय झालं तेही आठवतं. १० मे २०२१ रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं, की १८ वर्षांवरील प्रत्येकाला पाच दिवस आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या द्यायच्या, कोरोना झालेला असो वा नसो. आधार काय, तर परदेशातल्या तज्ज्ञांना मृत्यू घटलेले दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरीसच सांगितलं होतं, की हे औषध चाचण्यांखेरीज कोरोनासाठी वापरू नका. पण आयव्हरमेक्टिनच्या बाजूने त्या काळात एकत्रित विश्लेषणं फिरत होती, म्हणजे अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष. ज्याला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि पुराव्याच्या उतरंडीत सगळ्यात वर बसवतात. त्यांत इजिप्तमधला एक प्रीप्रिंट होता. प्रीप्रिंट म्हणजे कुणी तज्ज्ञाने तपासण्याआधी लेखकाने स्वतःच इंटरनेटवर ठेवलेला मसुदा. त्यातले आकडे इतके नेत्रदीपक होते, की संपूर्ण बेरीज त्याने आपल्याकडे ओढली. जुलै २०२१ मध्ये लंडनमधल्या एका विद्यार्थ्याने तो मुळातून वाचला, तेव्हा त्यात उचललेला मजकूर आणि न जुळणारे आकडे सापडले. मसुदा मागे घेतला गेला. तो आणि तसलेच कच्चे अभ्यास वगळून बेरीज पुन्हा केली, तर जीव वाचल्याचा पुरावा उरला नाही. पुढे ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीतही आयव्हरमेक्टिनने दवाखान्यात दाखल होणं टळलं नाही.

शेंगदाण्याच्या लाडवात एक खवट दाणा गेला, की सगळा घाणा कडू होतो. मेटा-अ‍ॅनालिसिस हा लाडू आहे. म्हणून ‘वरच्या पायरीवरचा’ लेख आहे एवढं ऐकून हात जोडू नयेत. आणि नियतकालिकाचं नावही पुरेसं नाही. मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये ९६ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला कोरोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध वापरण्याविरुद्धचा लेख आला, आणि मूळ नोंदी कुणालाच तपासायला मिळेनात म्हणून तेरा दिवसांत मागे घेतला गेला. त्याच औषधाची वाहवा करणारा फ्रान्समधला ३६ रुग्णांचा लेख मागे घेतला जायला मात्र डिसेंबर २०२४ उजाडला. त्यातही मुळात २६ जणांना औषध दिलं होतं. सहा जण मोजणीतून वगळले. त्या सहांतले तिघे अतिदक्षता विभागात गेले होते आणि एक मरण पावला होता. मेलेला माणूस हिशेबातून काढला, की औषधाला गुण येणारच.

माझा एक मित्र सार्वजनिक आरोग्यात काम करतो. त्याला हे माझं बोलणं पटत नाही. तो म्हणतो, तुम्ही लोकांच्या हातात ही उतरंड द्याल आणि ते रँडमाइज्ड ट्रायल नसलेल्या प्रत्येक गोष्टीला कचरा म्हणायला लागतील. गरिबांच्या आजारांवर ट्रायल करायला पैसे कोण देतो? त्याचा मुद्दा खरा आहे, आणि उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेला लेख म्हणजे साधी पाहणी होती. दोन गावं, ६५० स्त्रिया. ना औषध, ना दुसरा गट. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. ‘किती जणींना त्रास आहे?’ हा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला पाहणीच लागते. तिथे चिठ्ठ्या टाकून काय करणार? दहा वर्षांनी छापलेल्या लेखात त्यांनीच दुसरा प्रश्न विचारला: घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर मृत्यू घटतील का? आता तुलना हवी. म्हणून ३९ गावांत सेवा, ४७ गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांच्या मृत्यूंत ६२ टक्के घट. गावं चिठ्ठी टाकून निवडली नव्हती, ही शंका घेता येते आणि घ्यावी. पण कागद कुठला हे विचारणं म्हणजे कागदाची जात काढून त्याला पंगतीतून उठवणं नव्हे. सातबारा खरेदीखतापेक्षा हलका नसतो. पीक कुठलं उभं आहे ते सातबाराच सांगतो.

आणि काही प्रश्नांना घाई चालतच नाही. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईत १,५१,५३८ स्त्रियांवर एक चाचणी सुरू केली: प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तन तपासले तर कर्करोगाचे मृत्यू कमी होतात का? उत्तर छापून आलं २०२१ मध्ये. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांची बेरीज केली तर घट १५ टक्के, आणि ती निर्विवाद म्हणता येईल इतकी नाही. हे दोन्ही त्यांनी लिहिलं. मथळा अर्थातच तीस टक्क्यांचा झाला.

डॉक्टरांकडून तरी ही नजर अपेक्षित आहे, पण ती त्यांना द्यायची कुणी? एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला थिसिस लिहावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो कसा उरकला जातो, हे वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या २०२० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी मूळ संशोधन, सिस्टेमॅटिक रिव्ह्यू (म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा), मेटा-अ‍ॅनालिसिस आणि केस सिरीज धरायची, असं ठरवलं. एका रुग्णाची काळजीपूर्वक लिहिलेली हकीकत त्यात बसत नव्हती. हेतू वाईट नव्हता. निकृष्ट केस रिपोर्टांचा पूर आला होता. पण ज्याच्याकडे पैसा नाही, सांख्यिकीतज्ज्ञ नाही, फक्त दोन डोळे आणि पेशंट आहेत, अशा तालुक्याच्या डॉक्टरला जो प्रकार लिहिता येतो, नेमका तोच मोजणीतून बाद झाला. मग मूळ संशोधन तयार करायचे कारखाने निघतात, पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं निघतात, आणि त्यातलेच लेख उद्या कुणाच्या तरी लाडवात पडतात.

मला विचाराल तर मागणी फार मोठी नाही. आरोग्याच्या प्रत्येक बातमीखाली दोन ओळी सक्तीच्या असाव्यात. प्रयोग कशावर झाला, पेशींवर, उंदरांवर की माणसांवर. किती जणांवर. तुलना कुणाशी. मोजलं काय, मृत्यू की दवाखान्यातले दिवस की रक्तातला एखादा आकडा. तज्ज्ञांनी तपासून छापलंय की नुसता मसुदा आहे. पैसा कुणाचा. एवढ्याला चाळीस शब्द पुरतात. राशिभविष्याला आम्ही याच्या दसपट देतो. सरकारने जनतेला कुठलीही गोळी जाहीर केली, की आधाराचा लेख त्याच दिवशी मराठीत गोषवाऱ्यासह समोर ठेवावा. ‘तज्ज्ञांनी सांगितलं’ हा कागद नव्हे. भारतात होणाऱ्या चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना नोंदणी बंधनकारक आहे. संशोधक काय मोजायला निघाले होते, हे त्या नोंदवहीत कुणालाही फुकट वाचता येतं. निघाले होते एक मोजायला आणि छापलं भलतंच, असं दिसलं तर बातमी तिथे आहे. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत आमच्यापैकी कुणी ती नोंदवही उघडली नाही. मीही नाही.

वाचकांना हे समजणार नाही, असं आमचे वृत्तसंपादक म्हणायचे. वाचकांना रणजीतलं शतक, कसोटीतलं शतक आणि सराव सामन्यातलं शतक यांतला फरक समजतो. खेळपट्टी कशी होती तेही त्यांना लागतं. तो तपशील आम्ही देतो म्हणून त्यांना समजतो.

हळदीची गोष्ट सांगायची राहिली. माझ्याच पानावर मी एकदा मथळा दिला होता, ‘हळद रोखणार कर्करोग’. मूळ लेख काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवरचा होता. त्यांवर हळदीतला एक घटक ओतला आणि त्या मेल्या. बशीतल्या पेशी फिनेल ओतलं तरी मरतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. दोन दिवसांनी सांगलीहून एका बाईंचा फोन आला. यजमानांची केमोथेरपी चालू आहे, हळद किती द्यायची, दुधातून की मधातून, आणि केमोच्या दिवशी दिली तर चालेल का? मी लेख पुन्हा चाळला. त्यात माणूसच नव्हता, तर चमचे कुठून असणार? शेवटी म्हणालो, तुम्ही डॉक्टरांनाच विचारा.

त्या म्हणाल्या, ‘त्यांना दाखवलं ना कात्रण. ते म्हणाले, पेपरवाल्यांना विचारा.’